आधी वही, मग पिंजरा: आवारातल्या मांजरांच्या नसबंदीविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळच्या टपालात आणि ईमेलमध्ये इमारतीच्या आवारातल्या मांजरांची पत्रं सर्वाधिक आहेत. कुणाला ती हवी आहेत, कुणाला डोळ्यांसमोर नको आहेत, पण संख्या वाढू नये यावर दोन्ही बाजूंचं एकमत दिसतं. मांजरं पकडायची, नसबंदी करायची आणि जिथून आणली तिथेच सोडायची, या पद्धतीबद्दलचे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. सारख्या आशयाची पत्रं जोडून एक केली आहेत.

प्रश्न: आमच्या सोसायटीत दोन वर्षांपूर्वी तीन मांजरं होती, आता चौदा-पंधरा आहेत. मागच्या वर्षी वर्गणी काढून चौघांची नसबंदी केली, पण काडीचाही फरक पडला नाही. पैसे पाण्यात गेले का? (डोंबिवली)

उत्तर: पैसे पाण्यात गेले नाहीत, पण क्रम चुकला. त्या चारांत बोके किती होते ते आधी पाहा. हाताशी येतात म्हणून लोक बहुधा बोकेच आधी पकडतात. मात्र एक बोका जरी शिल्लक राहिला तरी तो आवारातल्या सगळ्या माद्यांना पुरतो आणि तोही नसला तर शेजारच्या गल्लीतून येतो. पिल्लांची संख्या बोक्यांवर नाही, माद्यांवर ठरते.

मादी चार-पाच महिन्यांची झाली की पहिल्यांदा माजावर येऊ शकते. गर्भकाळ ६३ ते ६५ दिवसांचा आणि एका वेळी साधारण तीन ते पाच पिल्लं. मांजरात बीज सुटतं तेच मुळात समागमामुळे, त्यामुळे मेळ सहसा फुकट जात नाही. पिल्लं अंगावर पीत असतानाही ती पुन्हा गाभण राहू शकते. थंड देशांत हिवाळ्यात दिवस फार लहान होतो आणि माज थांबतो. आपल्याकडे दिवस तितका आखडत नाही, त्यामुळे थोडीफार मंदी सोडली तर हे चक्र जवळजवळ वर्षभर फिरतं. मार्चमध्ये जन्मलेली पिल्ली दिवाळीच्या आसपास स्वतः आई झालेली असू शकते.

म्हणून पहिलं काम पिंजऱ्याचं नाही, वहीचं. आठवडाभर ठरावीक वेळी, ठरावीक जागी खाणं ठेवा आणि येणाऱ्या प्रत्येक मांजराचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा, कारण एका कुशीवरचे पट्टे दुसऱ्या कुशीवर तसेच नसतात. लिंग, अंदाजे वय, पोट, सड, कान टोकाला कापलेला (म्हणजे नसबंदी आधीच झालेली) आहे का, हे सगळं नोंदवा. रंगावरूनही अंदाज बांधता येतो. पांढरा, काळा आणि तांबूस असे तिन्ही रंग असलेलं मांजर जवळजवळ नेहमी मादी असतं, तर पूर्ण तांबड्या मांजरांत बोके जास्त असतात.

पकडताना आधी माद्या आणि चार-पाच महिन्यांची पिल्लं घ्या, बोके नंतर. आणि वर्षभर एकेक करत बसू नका, सगळा गट दोन-तीन आठवड्यांत उरका. चारांपैकी तीन मांजरांची नसबंदी झाली की आकडा स्थिरावतो, असा साधारण हिशेब धरतात. त्याच्या खाली थांबलात तर उरलेल्या माद्या एका हंगामात तूट भरून काढतात. तुमच्या चौदा-पंधरांमध्ये चार म्हणजे निम्म्याच्याही बरंच खाली. पुढे एखादं नवं, कान न कापलेलं मांजर दिसलं तर त्याच महिन्यात पकडायचं. हा शेवटचा भाग लोक विसरतात आणि मग तीन वर्षांनी पुन्हा वर्गणी काढावी लागते.

प्रश्न: एवढ्या उठाठेवीपेक्षा सगळी मांजरं पोत्यात घालून लांबच्या मासळी बाजारात सोडली तर काय बिघडलं? तिथे खायला मुबलक असतं. (नाव-गाव दिलेलं नाही)

उत्तर: पहिलं, तो गुन्हा ठरू शकतो. प्राणी उपासमारीने हाल होतील अशा स्थितीत सोडून देणं प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम ११ मध्ये येतं. पोत्यात कोंबून नेणं हा त्याच कलमातला दुसरा मुद्दा. वाटेत एखादं गुदमरून मेलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ आहे. त्यात पाच वर्षांपर्यंतची शिक्षा आहे.

दुसरं, उपयोग होत नाही. तुमच्या आवारात मांजरं टिकली ती कचऱ्याचा डबा, उंदीर आणि कुणीतरी ठेवलेलं खाणं यांमुळे. या गोष्टी तशाच राहिल्या तर रिकाम्या जागेत पलीकडची मांजरं शिरतात आणि तीही नसबंदी न झालेली. मासळी बाजारातही आधीची मांजरं आपली हद्द धरून असतात. नव्याला तिथे मासा मिळण्याआधी मार मिळतो.

प्रश्न: संस्थेकडून पिंजरा आणला. दोन रात्री लावला. एकदा मांजर आत जाऊन मासा खाऊन परत गेलं, दुसऱ्यांदा दार पडलं पण आत कुणीच नव्हतं. कुठे चुकतं? पहिल्यापासून नीट सांगाल का? (ठाणे, पनवेल आणि पुण्याहून आलेली पत्रं एकत्र)

उत्तर: पिंजरा लावण्याआधी शस्त्रक्रियेची वेळ घ्या. मांजर पकडल्यावर डॉक्टर शोधायला निघणं ही सगळ्यांत महागात पडणारी चूक आहे. शनिवारी संध्याकाळी पकडलेलं मांजर रविवारचा दवाखाना बंद म्हणून दीड दिवस पिंजऱ्यात अडकतं. मुंबई महापालिकेने २०१९ मध्ये संस्थांच्या मदतीने मांजरांची नसबंदी सुरू केली. इतर शहरांत पालिकेच्या पशुवैद्यकीय विभागात किंवा स्थानिक प्राणिमित्र संस्थेकडे विचारा. परळच्या बैलघोडा हॉस्पिटलसारख्या मोठ्या ठिकाणीही तसंच थडकू नका, आधी फोन करा. खासगी डॉक्टर असतील तर एवढं विचारून घ्या: हात लावू न देणाऱ्या मांजराला पिंजऱ्यातूनच भुलीचं इंजेक्शन देता का? टाके विरघळणारे आणि कातडीच्या आतून घालता का? भुलीतच कानाचं टोक कापाल का? तिन्हींना ‘हो’ आलं तरच पुढे जा. बाहेरून घातलेले टाके काढायला दहा दिवसांनी तेच मांजर पुन्हा पकडावं लागतं आणि ते पुन्हा सापडत नाही.

पिंजरा ७५ ते ९० सेंमी लांब आणि २५ ते ३० सेंमी रुंद-उंच असावा. उंदराचा पिंजरा वापरू नका. तो आखूड असतो, दार शेपटीवर किंवा पाठीवर आदळतं. जाळीची भोकं बारीक हवीत, नाहीतर मांजर नाक घुसवून सोलून घेतं. स्थानिक वेल्डरकडून करून घेतला असेल तर आतली प्रत्येक तार बोटाने चाचपून पाहा आणि टोकं कानशीने घासून घ्या. दार पडल्यावर आतून ढकललं तरी उघडता कामा नये. मागे सरकतं दार असेल तर त्याची कडी दर वेळी तपासा. पकडलेलं मांजर हातचं जातं ते बहुतेक वेळा याच मागच्या दारातून.

आता तुमची पहिली रात्र. मांजर आत गेलं, खाऊन आलं, दार पडलं नाही. कारणं दोनच: खाणं दार पाडणाऱ्या पट्टीच्या अलीकडे होतं, किंवा पट्टी अडकली होती. तळाला वर्तमानपत्र घालतात ते योग्यच आहे, कारण उघड्या जाळीवर पाय टाकायला मांजर कचरतं. पण कागदाची घडी पट्टीच्या खाली गेली तर पट्टी दबत नाही. कागद पट्टीच्या वरून, एकाच पदराचा घाला आणि कडेला कपड्यांच्या चिमट्याने बसवा, म्हणजे वाऱ्याने फडफडणार नाही. मुख्य खाणं पट्टीच्या पलीकडे, अगदी मागच्या टोकाला. बाहेर एक कण, दारात एक, मध्ये एक, अशी वाट आखा, पण वाटेवरचे तुकडे नखाएवढेच ठेवा. पोट वाटेतच भरलं तर पुढे कोण जाईल?

दुसऱ्या रात्री रिकाम्या पिंजऱ्याचं दार पडलं, म्हणजे पिंजरा डुगडुगत होता किंवा पट्टी फार हलकी लागली होती. उंदीर-घुशीनेही ते होतं. फरशी किंवा सपाट जमीन पाहा, खाली चपटे दगड देऊन चारही कोपरे टेकवा आणि काठीने पट्टी दाबून दोन-तीनदा दार पाडून बघा. जागा भिंतीलगत, पार्किंगच्या मागच्या बाजूला. मांजर मोकळ्या मैदानातून चालत नाही, कडेकडेने चालतं.

आमिष वासाचं हवं: उकडलेला बांगडा काटे काढून, शिजवलेलं चिकन हाडं काढून, नाहीतर थोडी सुकट. सुकटीत मीठ फार असतं, तेव्हा ती चिमूटभर, वासापुरतीच. मासा उकडलेलं पाणी दाराशी शिंपडलं तर वास लांबवर जातो. दूध नको. मोठ्या मांजरांना ते सहसा पचत नाही. खाणं कागदावर किंवा पानावर ठेवा. वाटीवर धडपडून मांजर जखमी होतं.

आणि भूक हवी. पकडण्याच्या आदल्या संध्याकाळपासून आवारातलं खाणं पूर्ण बंद, पाणी मात्र कधीही बंद नाही. खरी अडचण इथे येते. तुम्ही खाणं थांबवता, पण तिसऱ्या मजल्यावरच्या आजी, रात्रपाळीचा वॉचमन आणि कोपऱ्यावरची मासेवाली यांना कुणी सांगितलेलंच नसतं. प्रत्येकाला समक्ष भेटून सांगा, सूचनाफलकावर चिठ्ठी लावून भागत नाही. उपाशी पोटाचं दुसरं कारण भूल हे आहे. भरल्या पोटी भूल दिली तर उलटी श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. मोठ्या मांजराला शस्त्रक्रियेआधी आठ ते बारा तास खाणं नसावं, म्हणून आमिषही चमचाभरच. चार महिन्यांखालच्या पिल्लाचा नियम उलटा आहे. त्याला दोन ते चार तासांहून जास्त उपाशी ठेवलं तर रक्तातली साखर उतरते.

पिंजरा लावून घरी जाऊन झोपू नका. थोड्या अंतरावर, पिंजरा दिसेल असे थांबा. कुत्री, खोडकर मुलं, मुंग्या आणि ऊन, चौघंही अडकलेल्या मांजराचे हाल करतात. एप्रिल-मेमध्ये पत्र्याचा पिंजरा सकाळी दहानंतर तापायला लागतो. भर पावसात भिजलेलं मांजर भुलीत गारठतं. दोन्ही टाळा.

दार पडलं की ताबडतोब जाड चादर टाकून पिंजरा चारही बाजूंनी झाका. अंधार झाला की आपटणं बहुधा एक-दोन मिनिटांत थांबतं. नाकावर थोडं खरचटलं तर घाबरू नका. चादरीचा कोपरा उचलून टॉर्चने कान पाहा. टोक आधीच कापलेलं असेल तर तिथेच सोडून द्या. नसेल तर दोन्ही दारांना तार किंवा प्लास्टिकचा पट्टा बांधा, पिंजऱ्यावर वहीतला क्रमांक आणि पकडल्याची नेमकी जागा लिहिलेली चिठ्ठी लावा. एका पिंजऱ्यात एकच मांजर. ‘बघू कोण आहे’ म्हणून दार किलकिलं करू नका. रिक्षात नेताना पिंजरा आडवा, पायाशी, झाकलेलाच, वारा लागेल इतका एक कोपरा मोकळा.

मांडीवर येणाऱ्या माणसाळलेल्या मांजरांना हा खटाटोप नको. त्यांना वरून उघडणाऱ्या प्रवासी पेटीत ठेवता येतं. पण हातात धरून दवाखान्यात नेऊ नका. हॉर्न वाजला की सगळ्यांत गरीब मांजरही नखं काढून उडी मारतं.

प्रश्न: सगळी सापडली, एकच भाटी राहिली. पिंजऱ्याभोवती फिरते, आत पाय टाकत नाही. दर तीन-चार महिन्यांनी हीच विते. (वसई)

उत्तर: तिच्यासाठी घाई सोडा. पिंजऱ्याचं दार वर बांधून टाका, पडणारच नाही असं, आणि पाच-सात दिवस तिचं रोजचं जेवण त्यातच ठेवा. आधी दाराशी, मग रोज वीतभर आत. ती निवांत मागच्या टोकाला जाऊन खायला लागली की एक दिवस उपास आणि दुसऱ्या दिवशी दार मोकळं. या आठवड्यात इतर कुठेही खाणं ठेवू नका.

दुसरी मांजरंच आधी शिरत असतील तर पट्टीवर विसंबू नका. दाराखाली पाण्याने भरलेली अर्ध्या लिटरची बाटली उभी करा, तिला दोरी बांधा आणि लांब बसा. हवं ते मांजर पूर्ण आत गेलं, शेपटीसकट, की दोरी ओढा.

एवढं करूनही जमलं नाही तर वरून पडणारा सापळा: साधारण तीन फूट बाय तीन फूट चौकट, फूटभर उंच, वर जाळं, एक कड काठीवर तोललेली आणि काठीला दोरी. मांजराला कुठे ‘आत शिरावं’ लागत नाही, म्हणून बनेल मांजरही फसतं. चौकट पडली की लगेच झाकायची आणि बाजूच्या सरकत्या दाराला पिंजरा भिडवून मांजर त्यात घ्यायचं. या कामाला दोन माणसं हवीतच. चौकटीच्या कडेखाली दुसरं मांजर उभं असेल तेव्हा दोरी ओढू नका, मान सापडते.

प्रश्न: पकडल्यावर कळलं की ती पिल्लांना पाजते आहे. सोडून द्यायची का? आणि गाभण असेल तर? (रत्नागिरी)

उत्तर: पाजणारी मादी ओळखायची खूण: सड मोठे, गुलाबी आणि भोवतीचे केस झिजलेले. शक्यतो पिल्लं सहा ते आठ आठवड्यांची होईपर्यंत थांबावं आणि मग सगळं कुटुंब एकत्र पकडावं. तेव्हा पिल्लं घन खाणं खातात आणि आईवाचून राहू शकतात. वय असं ओळखा: डोळे सात ते चौदा दिवसांत उघडतात, तीन-चार आठवड्यांत पिल्लं धडपडत पळायला लागतात, पाच-सहा आठवड्यांत भांडणं खेळतात. वजन साधारण महिन्याला अर्धा किलो वाढतं, म्हणजे दोन महिन्यांचं पिल्लू एक किलोच्या आत-बाहेर.

चुकून आधीच सापडली, तर ती पुन्हा हाती लागेल का, हा प्रश्न स्वतःला विचारा. रोज येणारी असेल तर सोडा. वर्षभर हुलकावणी देणारी असेल तर त्याच दिवशी, पहिला नंबर लावून शस्त्रक्रिया करून घ्या आणि पूर्ण शुद्धीवर आली की १२ ते २४ तासांत पिल्लांपाशी पोचवा. नसबंदीने दूध आटत नाही. डॉक्टरांना आधी सांगा, म्हणजे पोटावर छेद न घेता कुशीतून घेतील. सड सुजलेले असताना तो सोयीचा पडतो आणि सोडल्यावर जखम लांबून दिसते. पिल्लं तीन आठवड्यांहून लहान असतील आणि जागा ठाऊक नसेल, तर हा धोका आम्ही पत्करू नका असंच सांगू.

उलट बाजूची चूकही होते. एकटी पिल्लं दिसली की लोक ‘अनाथ’ म्हणून घरी आणतात. आई बहुधा खाण्याच्या शोधात असते. लांब राहून काही तास पाहा. मात्र पिल्लांना घर शोधून द्यायचं असेल तर सातव्या-आठव्या आठवड्याच्या आत माणसाच्या हाताची सवय लागायला हवी. त्यानंतर जन्मभर बुजरी राहण्याची शक्यता वाढते.

गाभण मादीची शस्त्रक्रिया होते आणि गर्भ राहत नाही. दिवस भरत आलेले असतील तर रक्तस्रावाचा धोका जास्त, काही डॉक्टर नकार देतात आणि तो मानावा. लवकरच्या दिवसांत करावी, असं आमचं मत आहे. आवारातल्या पिल्लांपैकी किती जगतात ते तुम्ही पाहिलेलंच असेल. पण पिंजऱ्याशी उभ्या असलेल्या सगळ्यांना हे आधी सांगा. दवाखान्याच्या दारात वाद नको.

प्रश्न: शस्त्रक्रियेनंतर किती दिवस ठेवायचं? कान कापणं तर मला सरळसरळ क्रूर वाटतं. (कोल्हापूर)

उत्तर: बोक्याला साधारण २४ तास, मादीला दोन-तीन दिवस. तुमच्या डॉक्टरांनी जास्त सांगितलं तर तेच खरं. बोक्याच्या वृषणाच्या पिशवीवरचे दोन लहान छेद टाक्यांविना उघडेच ठेवतात, ते आपोआप मिटतात. ते पाहून ‘टाके तुटले’ म्हणून धावपळ करू नका. मादीच्या टाक्याखाली काही दिवसांनी छोटी टणक गाठ लागली, ती दुखत-वाहत नसेल, तर तो धाग्याला आलेला प्रतिसाद असतो. पू, दुर्गंधी, जखम उकलणं, सतत ठिबकणारं रक्त किंवा २४ तास अन्नाला तोंड न लावणं, यांपैकी काहीही दिसलं तर परत डॉक्टर.

भुलीतून उठताना शरीर गार पडतं. पंखा-एसी बंद, गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून पाठीशी. ती थेट अंगाला नको, कारण गुंगीतलं मांजर सरकू शकत नाही आणि भाजतं. जमिनीवर ठेवलं तर मुंग्या लागतात. पिंजरा टेबलावर आणि टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत. मुंग्यांचा खडू मात्र ओढू नका, त्यातलं कीटकनाशक मांजराला विषारी असतं. पहिलं खाणं डोकं स्थिर धरून नीट बसल्यावर, तेही थोडं.

सोडायचं ते जिथे पकडलं तिथेच, वर्दळ नसताना, दाराचं तोंड रस्त्याच्या उलट बाजूला. मांजर बाणासारखं सुटतं आणि समोर रस्ता असेल तर रस्त्यावर जातं.

आता कान. सहसा डाव्या कानाचं टोक, मोठ्या मांजरात साधारण एक सेंमी, भुलीतच सरळ रेषेत कापतात. जखम लवकर भरते. हे न केल्यास काय होतं तेही बघा. मादीचा व्रण वर्षभरात केसांखाली गायब होतो. मग दुसरी कुणी हौशी मंडळी तिला पकडतात, पुन्हा उपास, पुन्हा भूल, आणि काही वेळा पोट उघडल्यावरच कळतं की गर्भाशय आधीच काढलेलं आहे. गळ्यातला पट्टा फांदीत अडकतो, गोंदण लांबून दिसत नाही. कुत्र्यांना करतात तशी कानाला खाच मांजरात फसवी ठरते, कारण भांडखोर बोक्यांचे कान तसेही फाटलेले असतात. जपानमध्ये खाचच करतात, तिला चेरीच्या पाकळीचा आकार म्हणतात. दिसायला छान आहे, पण आपल्या गल्लीतल्या बोक्यांना पाहता सरळ कापच बरा.

त्याच भुलीत रेबीजची लस टोचून घ्या. दोन मांजरांच्या मध्ये पिंजरा साबणाने धुऊन, मग लिटरभर पाण्यात ३० मिली ब्लीच घालून दहा मिनिटं भिजू द्या, पुन्हा पाण्याने धुऊन उन्हात वाळवा. मांजरांच्या पॅनल्युकोपेनिया या जीवघेण्या साथीचा विषाणू आवारात महिनोन् महिने टिकतो आणि न धुतलेला पिंजरा तो गल्लीभर वाटत फिरतो.

प्रश्न: औषधाच्या दुकानात माज थांबवण्याच्या गोळ्या आणि इंजेक्शन मिळतात म्हणे. ऑपरेशनपेक्षा सोपं नाही का? (नागपूर)

उत्तर: सोपं आहे, म्हणूनच धोक्याचं. ही प्रोजेस्टेरॉनच्या जातीची हार्मोन्स. गर्भाशयात पू होणं, स्तनांची प्रचंड सूज, स्तनांच्या गाठी आणि मधुमेह हे त्यांचे ओळखीचे दुष्परिणाम आहेत. आधीच गाभण असलेल्या मादीला दिलं तर प्रसूती अडते. रस्त्यावरच्या मांजराला डोस नेमका आणि वेळेवर मिळणं तर अशक्यच. भातात कालवलेली गोळी कोणी खाल्ली ते तुम्हाला कळणार कसं?

प्रश्न: पिंजरा उचलताना मांजराने बोट चावलं. मांजर ओळखीचं आहे. इंजेक्शन घ्यावंच लागेल का? (नाशिक)

उत्तर: हो, आजच. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा. हळद, तिखट, चुना काहीही लावू नका. सरकारी रुग्णालयात रेबीजची लस बहुधा कातडीत देतात, ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. स्नायूत देत असतील तर १४ वा दिवसही येतो. रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरोधी तयार प्रतिपिंडं) लागतं, ते मागून घ्या. मांजर दहा दिवस नजरेखाली ठेवा, पण लस सुरू करायला तेवढे दिवस थांबू नका. मांजराचे दात सुईसारखे असतात, वरचं भोक मिटतं आणि जंतू आत राहतात. बोट सुजून लाल झालं तर अँटिबायोटिक लागेल. धनुर्वाताचंही विचारा.

हे काम नेहमी करणाऱ्यांनी चावण्याआधीच लस घेऊन ठेवावी: ०, ७ आणि २१ किंवा २८ वा दिवस. चामड्याचे जाड हातमोजे वापरा, पण त्यांच्या भरवशावर मांजर हातात धरू नका. दात आरपार जातात.

प्रश्न: समिती म्हणते, मांजरांना खाणं घालणाऱ्यांना दंड लावू. नियम काय आहे? (पुणे)

उत्तर: प्राण्यांच्या नसबंदीचे २००१ चे केंद्रीय नियम फक्त कुत्र्यांचे होते. त्यांची जागा घेतलेले प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ ‘प्राणी’ असा व्यापक शब्द वापरतात. त्यांतला नियम २० सामुदायिक प्राण्यांना खाऊ घालण्याविषयी आहे. खाऊ घालण्याची जागा आणि वेळ ठरवून देण्यात सोसायटीचाही वाटा आहे. जिने, प्रवेशद्वार आणि मुलांची खेळायची जागा त्यातून वगळायची आहे. म्हणजे सरसकट बंदीला आधार नाही, आणि पायरीवर मासा टाकण्यालाही नाही.

समितीशी बोलताना मात्र नियमांआधी वही पुढे करा: एकूण किती, किती झाली, किती उरली. खाणं वीस मिनिटं ठेवायचं, उरलेलं उचलायचं, जागा धुवायची. तक्रारी मुळात मांजरांच्या कमी आणि माशाच्या काट्यांच्या जास्त असतात.

प्रश्न: मांजराच्या जखमेवर डेटॉल आणि ताप वाटला तर क्रोसिनचा पाव तुकडा, असं चालतं का? (सातारा)

उत्तर: दोन्ही नाही. मांजराचं यकृत ही रसायनं मोडू शकत नाही. क्रोसिन म्हणजे पॅरासिटामॉल, त्याचा छोटासा तुकडाही जीव घेऊ शकतो. पाण्यात टाकल्यावर दुधाळ होणारी जंतुनाशकं आणि फिनाईल पिंजरा पुसायलाही वापरू नका. मांजर पंजे चाटतं. कुत्र्यांच्या गोचिडांसाठी मानेवर टाकायचं परमेथ्रिनचं औषधही वर्ज्य.

प्रश्न: बोक्याची नसबंदी होऊन पंधरा दिवस झाले, तरी लिफ्टपाशी मुततो आणि काल एका मादीच्या मागे होता. ऑपरेशन फसलं का? (कल्याण)

उत्तर: नाही. हार्मोन हळूहळू उतरतात. मुताचा उग्र दर्प आणि मारामाऱ्या काही आठवड्यांत कमी होतात. शुक्राणूही चार ते सहा आठवडे उरू शकतात, तेव्हा त्या मादीचा नंबर आधी लावा. लिफ्टपाशी जुना वास राहिला की तो पुन्हा तिथेच येतो. जागा एन्झाइम असलेल्या कपड्यांच्या पावडरीच्या पाण्याने धुवा. अमोनिया असलेलं क्लीनर नको, त्याचा वास मुतासारखाच लागतो.